दार नसलेले न्हाणीघर

दिल्लीतल्या एका वस्तीत घराबाहेर बांधलेले न्हाणीघर होते. भिंती होत्या, दार नव्हते. दाराच्या जागी पातळ पडदा लावलेला. घरातली मुलगी अंघोळीला गेली की एक माणूस येऊन आत डोकावायचा. तक्रार झाली, खटला उभा राहिला, खालच्या न्यायालयाने शिक्षा दिली आणि प्रकरण अपिलात दिल्ली उच्च न्यायालयात पोचले. तिथे आरोपीच्या बाजूने युक्तिवाद झाला, की हे न्हाणीघर उघड्यावर होते, त्याला दारसुद्धा नव्हते, मग तिथली अंघोळ ही खासगी गोष्ट कशी ठरते? घाटावर, तीर्थाच्या ठिकाणी, तरणतलावावर माणसे सर्वांदेखत स्नान करतातच.

एप्रिल २०२३ मध्ये न्यायमूर्ती स्वर्णकांता शर्मा यांनी हा युक्तिवाद फेटाळला. न्हाणीघर म्हणजे न्हाणीघरच. ते घराबाहेर आहे आणि त्याला दाराऐवजी पडदा आहे एवढ्याने ते चव्हाट्यावरचे होत नाही. गरिबीमुळे ज्यांना घरात मोरी बांधता येत नाही, त्यांचा खासगीपणाचा हक्क त्यामुळे कमी होत नाही. न्यायालयाने पुढे हेही स्पष्ट केले, की पवित्र स्नानासाठी नदीत उतरलेल्या स्त्रीचे चोरून फोटो काढण्याचा परवानासुद्धा कुणाला मिळत नाही. आरोपीची एक वर्षाची शिक्षा कायम झाली.

या प्रकरणात कॅमेरा कुठेच नव्हता, हे मुद्दाम लक्षात घ्यायला हवे. छुप्या कॅमेऱ्याविरुद्धचा कायदा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हॉटेलची खोली, चार्जरमध्ये दडवलेले भिंग आणि मोबाइलवर फिरणारी चित्रफीत येते. कायदा मात्र यंत्रापासून सुरुवात करत नाही. तो आधी एकच प्रश्न विचारतो: या बाईला त्या क्षणी, त्या जागी, आपल्याला कुणी पाहत नाही असे वाटण्याचा अधिकार होता का? उत्तर ‘होता’ असेल, तर पाहणाऱ्याने नुसत्या डोळ्यांनी पाहिले की भिंगातून, याने गुन्हा घडला की नाही हे ठरत नाही.

आज हा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये येतो. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. त्याआधीच्या घटनांना भारतीय दंड संहितेचे कलम ३५४-सी लागते आणि जुने खटले अजून त्याच कलमाखाली चालू आहेत. दोन्हींची शब्दरचना जवळजवळ सारखी आहे. एक बदल महत्त्वाचा आहे. जुन्या कलमात गुन्हेगार ‘कोणताही पुरुष’ होता; नव्या कलमात ‘जो कोणी’ असे शब्द आहेत. वसतिगृहातल्या एखाद्या मुलीने दुसरीचे अंघोळीचे चित्रण करून मित्राला पाठवले, तर ती मुलगीही आता थेट या कलमाखाली येते.

हे कलम तसे तरुण आहे. १८६० च्या दंड संहितेत ५०९ क्रमांकाचे कलम होते. स्त्रीच्या लज्जेचा अपमान करण्याच्या हेतूने बोललेला शब्द, केलेला हावभाव किंवा तिच्या खासगीपणात केलेली घुसखोरी एवढे त्यात बसत होते. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्यालाही ही घुसखोरी ठाऊक होती, पण शिक्षा फार तर एक वर्षाची साधी कैद, आणि ‘अपमान करण्याचा हेतू’ सिद्ध करायचा तो फिर्यादी पक्षाने. जो लपून पाहतो त्याची तर तिला कळूच नये अशी धडपड असते. मग त्याने तिचा अपमान करायचे ठरवले होते, हे सिद्ध करायचे कसे? पळवाट तिथेच होती.

मोबाइलमध्ये कॅमेरा आल्यावर ही पळवाट रुंद होत गेली. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ साली दुरुस्ती झाली आणि ऑक्टोबर २००९ पासून कलम ६६-ई अमलात आले. कुणाही व्यक्तीच्या गुप्तांगाचे चित्र तिच्या संमतीशिवाय टिपणे, प्रसिद्ध करणे किंवा पाठवणे यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. या कलमाचा मसुदा अमेरिकेच्या २००४ सालच्या अशाच कायद्याशी खूप मिळताजुळता आहे. आपल्या कलमात एक बारकावा आहे: जागा सार्वजनिक आहे की खासगी, याला इथे महत्त्व नाही. लोकल स्थानकाच्या जिन्यावर कुणी फोन खाली धरून वर चढणाऱ्या मुलीच्या कपड्यांआतले चित्र टिपले, तर ‘हा तर रस्ता होता’ ही सबब चालत नाही. हाच प्रश्न सोडवायला इंग्लंडला २०१९ साल उजाडले. तिथे एका तरुणीने संगीत महोत्सवात स्वतःवर गुदरलेल्या प्रसंगानंतर चळवळ उभारली, तेव्हा स्वतंत्र कायदा झाला.

मग १६ डिसेंबर २०१२ ची दिल्लीची सामूहिक बलात्काराची घटना घडली. न्यायमूर्ती जगदीशशरण वर्मा, न्यायमूर्ती लीला सेठ आणि गोपाल सुब्रमण्यम यांच्या समितीने २९ दिवसांत अहवाल दिला. त्यासाठी देशभरातून सुमारे ऐंशी हजार सूचना आल्या होत्या. बलात्काराच्या कायद्यावर तेव्हा खूप चर्चा झाली, पण या समितीने ज्याला लोक ‘किरकोळ छेडछाड’ म्हणून सोडून देत होते, त्या कृत्यांनाही स्वतंत्र गुन्ह्याचे रूप द्यायला सांगितले. चोरून पाहणे आणि पाठलाग करणे हे दोन्ही गुन्हे त्यातूनच २०१३ साली दंड संहितेत आले. समितीचे हे काम मला फार मोलाचे वाटते. मोठ्या गुन्ह्याआधी लहान गुन्हे घडत असतात, आणि ते घडत असताना बाईने पोलीस ठाण्यात जाऊन सांगावे तर लावायला कलमच नाही, अशी स्थिती त्यामुळे संपली.

आता कलमाच्या आत शिरू. तीन कृत्ये गुन्हा ठरतात: खासगी कृतीत असलेल्या स्त्रीला पाहणे, तिचे चित्र टिपणे आणि ते चित्र पसरवणे. ही तिन्ही एकत्र घडावी लागत नाहीत. नुसते पाहिले तरी गुन्हा पूर्ण झाला. टिपले आणि कुणाला दाखवले नाही, तरी पूर्ण झाला. ‘मी ते डिलीट केले होते’ हे वाक्य पोलीस ठाण्यात वारंवार ऐकू येते; त्याने झालेला गुन्हा पुसला जात नाही. दुसऱ्याला पाहायला लावणाराही कलमाच्या कक्षेत येतो. खासगी कृती म्हणजे काय, हेही सांगितले आहे. जिथे एकांताची रास्त अपेक्षा असते अशा जागी स्त्रीचे शरीर उघडे किंवा फक्त अंतर्वस्त्रांत असणे. तिने शौचालयाचा वापर करणे. किंवा चारचौघांत न केली जाणारी लैंगिक कृती. शौचालयाच्या बाबतीत शरीर दिसले की नाही याची अट नाही, हे मुद्दाम सांगते. पहिल्या गुन्ह्याला किमान एक वर्ष आणि जास्तीत जास्त तीन वर्षे कैद आणि दंड. पुन्हा दोषी ठरल्यास किमान तीन, कमाल सात वर्षे. किमान शिक्षा कायद्यातच लिहिलेली असल्याने ‘पोरगा तरुण आहे, दंड भरून सोडा’ म्हणायला जागा उरत नाही.

या कलमाचे दुसरे स्पष्टीकरण मात्र प्रत्येक घरात पोचायला हवे. स्त्रीने स्वतः चित्रणाला संमती दिली असेल, पण ते तिसऱ्याला दाखवायला दिली नसेल, तर तिसऱ्याला दाखवणे हा गुन्हा आहे. आपल्याकडे अशा प्रकरणात मुलीला पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘तू फोटो काढूच का दिलेस?’ हा. आई विचारते, मावशी विचारते, कधी कधी ठाणे अंमलदारही विचारतो. कायदा तो प्रश्न विचारत नाही. त्याच्या दृष्टीने टिपण्याची संमती वेगळी आणि पसरवण्याची वेगळी. पहिलीतून दुसरी आपोआप निघत नाही. नवरा असला, होणारा नवरा असला, जुना मित्र असला, तरी यात फरक पडत नाही.

पश्चिम बंगालमधल्या पूर्व मेदिनीपूर जिल्ह्यात, तामलुकच्या न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये असाच एक खटला निकाली काढला. प्रेमसंबंधाच्या काळात हाती आलेली तरुणीची खासगी चित्रे तरुणाने, तिने नाते तोडल्यावर, इंटरनेटवर टाकली होती. त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. चोरून पाहणे, पाठलाग, लज्जेचा अपमान ही दंड संहितेची कलमे आणि त्यांच्या जोडीला माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमे अशी सगळी बांधणी तपासाने नीट केली होती. नुकसानभरपाई देताना या तरुणीला बलात्कारपीडितेप्रमाणेच वागवावे, असेही न्यायालयाने राज्य सरकारला सांगितले. ज्याने हात लावला नाही त्याने इजाच केली नाही, या समजुतीला त्या जिल्हा पातळीवरच्या निकालाने थेट उत्तर दिले.

कलमांची बांधणी हा शब्द वर आला, त्याबद्दल थोडे. कलम ७७ चा पहिला गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना तो नोंदवावाच लागतो आणि वॉरंटशिवाय अटक करता येते. पण तो जामीनपात्रही आहे. ६६-ई सुद्धा जामीनपात्रच. त्यामुळे आरोपी त्याच दिवशी बाहेर येतो आणि फिर्यादीच्या घरासमोरून जातो, असे घडू शकते. चित्रीकरणात लैंगिक कृती असेल आणि ते पसरवले गेले असेल, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७-ए लागते. तिथे पाच वर्षांपर्यंत कैद आहे आणि तो गुन्हा अजामीनपात्र आहे. चित्रफितीची भीती घालून पैसे मागितले, तर खंडणीचे कलम वेगळे. पीडित अठरा वर्षांखालील असेल, तर बालकांच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा लागतो आणि सगळे चित्रच बदलते: मुलाचे अश्लील चित्रण करण्यासाठी किमान पाच वर्षे कैद, आणि ज्याला असा गुन्हा कळला त्याने तो पोलिसांना न कळवणे हाही गुन्हा. शाळेच्या मुख्याध्यापकांनी आणि वसतिगृहाच्या रेक्टरांनी हे वाक्य दोनदा वाचावे. ‘संस्थेचे नाव खराब होईल’ म्हणून प्रकरण आत मिटवणारा स्वतः आरोपी होतो.

महाराष्ट्र आणि गोव्यातली दोन उदाहरणे पाहू. एप्रिल २०१५ मध्ये तेव्हाच्या केंद्रीय मनुष्यबळ विकासमंत्री स्मृती इराणी गोव्यात कांदोळीच्या एका कपड्यांच्या दुकानात गेल्या असता कपडे बदलण्याच्या खोलीच्या दिशेने रोखलेला कॅमेरा त्यांच्या लक्षात आला. स्थानिक आमदारांनी तक्रार दिली आणि पोलिसांनी दुकानातल्या कर्मचाऱ्यांना अटक केली. दुकानाचे म्हणणे होते की हा छुपा कॅमेरा नव्हे, देखरेखीसाठी उघड लावलेला आहे. वादाचा हा मुद्दा महत्त्वाचा आहे. कायद्याने कॅमेरा लपवलेलाच असावा अशी अट कुठेही घातलेली नाही. छताला दिसेल असा लावलेला साधा सीसीटीव्हीसुद्धा जर ट्रायल रूमच्या झरोक्यातून आत पाहत असेल, तर तो तिथे कशासाठी लावला याचे उत्तर द्यावेच लागते. दुसरे उदाहरण पुण्याचे, २०२१ सालचे. एका शिकाऊ डॉक्टर तरुणीच्या न्हाणीघरातला दिवा लागेना, म्हणून वायरमनला बोलावले, तर बल्बच्या आत कॅमेरा निघाला. तपासात पोलिसांनी अटक केली तीही एका डॉक्टरलाच.

असे कॅमेरे आज बल्ब, घड्याळ, पेन, चार्जर, धूरसूचक यंत्र अशा रूपांत ऑनलाइन सहज मिळतात. ते शोधण्याचे उपाय मोबाइलवर फिरत असतात. त्यातले काही उपयोगी, काही फसवे. खोली अंधारी करून टॉर्चचा उजेड वस्तूंवर तिरपा टाकला, तर भिंग ठिपक्यासारखे चमकते, हा त्यातला बऱ्यापैकी भरवशाचा. अंधारात चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्याचे अवरक्त दिवे काही फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यातून जांभळट ठिपक्यांसारखे दिसतात. वायफायवर कोणकोणती उपकरणे जोडलेली आहेत हे दाखवणारी अॅप्स मात्र अर्धवट दिलासा देतात, कारण जो कॅमेरा चित्रण स्वतःच्या मेमरी कार्डावरच साठवतो तो कुठल्याच नेटवर्कवर दिसत नाही. आरशावर बोट टेकवून तो दुहेरी आहे का हे ओळखण्याची युक्ती तर सोडूनच द्यावी.

सापडला तर काय करायचे, हे शोधण्यापेक्षा महत्त्वाचे आहे. पहिली ऊर्मी असते तो उपटून काढायची, फोडायची, ज्याच्यावर संशय आहे त्याच्या अंगावर धावून जायची. राग अगदी रास्त आहे. पण त्या कॅमेऱ्यावर बसवणाऱ्याच्या बोटांचे ठसे असू शकतात, आणि कॅमेरा चालू करून जागेवर बसवताना तो स्वतःच त्यात टिपला गेलेला असू शकतो. म्हणून हात न लावता त्यावर कापड टाकावे, तो जसा आहे तसा त्याचा आणि खोलीचा फोटो काढावा, खोली बंद करावी आणि ११२ ला फोन करावा. झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रण करणे पोलिसांना नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने बंधनकारक आहे. ते होते आहे ना, हे पाहावे. चित्रफीत इंटरनेटवर असेल तर तिचा पत्ता, खात्याचे नाव, तारीख आणि वेळ यांचे स्क्रीनशॉट घ्यावेत. धमकीचे संदेश घाबरून पुसू नयेत.

पुरावा कसा सादर होतो यावर खटला उभा राहतो किंवा पडतो. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते की नाही यावर अनेक वर्षे गोंधळ होता, तो सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये संपवला. आणि तो खटला होता आपल्या जालन्याचा, २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून अर्जुन पंडितराव खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात चाललेला. निवडणूक कार्यालयातल्या चित्रीकरणावरून निघालेला तो निकाल आज न्हाणीघरातल्या चित्रफितीच्या खटल्यालाही लागू होतो: मूळ उपकरणच न्यायालयापुढे ठेवले नसेल, तर प्रतीसोबत प्रमाणपत्र हवेच. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने ते कायम ठेवले आहे. फिर्यादीने म्हणूनच आपला फोन ‘फॉरमॅट’ करू नये आणि पोलिसांनी तो घेतला तर जप्तीच्या पंचनाम्याची प्रत मागून घ्यावी.

फिर्याद कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. महाबळेश्वरच्या हॉटेलात घडलेल्या गुन्ह्यासाठी नागपूरहून महाबळेश्वरला जायची गरज नाही. कलम ७७ च्या गुन्ह्यात स्त्रीची फिर्याद महिला पोलीस अधिकाऱ्याने किंवा अन्य महिला अधिकाऱ्याने नोंदवायची असते. एफआयआरची प्रत मोफत मिळते. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडितेला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला व बालकांविषयीच्या तक्रारींसाठी नाव न देता माहिती कळवण्याची सोय आहे. पण खटला उभा राहायचा तर शेवटी फिर्याद लागते. समाजमाध्यमांच्या कंपन्यांकडेही थेट तक्रार करावी. २०२१ च्या नियमांनी अशी चित्रे पीडितेच्या तक्रारीनंतर ठरावीक तासांत हटवण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली, आणि त्यासाठी आधी न्यायालयाचा आदेश आणायची गरज ठेवली नाही.

हा कायदा पुरा आहे का? नाही. त्याची एक सीमा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा आखून दाखवली. कोलकात्यातल्या मालमत्तेच्या भांडणातून आलेल्या त्या प्रकरणात एका स्त्रीचे तिच्या इच्छेविरुद्ध फोटो काढल्याचा आरोप होता. ती खासगी कृतीत नव्हती, म्हणून चोरून पाहण्याचा गुन्हा लागत नाही, असे न्यायालय म्हणाले. कायद्याच्या शब्दांप्रमाणे हे बरोबर आहे. बसथांब्यावर उभ्या असलेल्या मुलीचे फोटो कुणी अंतराअंतराने काढत राहिला, तर तिला दुसऱ्या कलमांचा आधार शोधावा लागतो: पाठलागाचा किंवा लज्जेच्या अपमानाचा.

दुसरी उणीव मला अधिक खुपते. कलम ७७ मध्ये गुन्हेगार आता ‘जो कोणी’ झाला, पण पीडित अजूनही फक्त स्त्रीच आहे. व्यायामशाळेच्या कपडे बदलण्याच्या खोलीत पुरुषाचे चित्रण झाले, तर त्याच्यासाठी ६६-ई उरते आणि तेही चित्र टिपले किंवा पसरवले असेल तरच; नुसत्या डोकावण्याला काहीच नाही. तृतीयपंथी व्यक्तींची स्थिती तर त्याहून बिकट आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क मानला. त्यानंतर सहा वर्षांनी सगळी संहिता नव्याने लिहिण्याची संधी संसदेला मिळाली होती. पीडित ‘कोणतीही व्यक्ती’ असा बदल तेव्हाच व्हायला हवा होता.

आणखी एक माणूस या कायद्यात आहे, ज्याला आपण आरोपी आहोत याची जाणीवच नसते. फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रयागराजच्या महाकुंभात स्नान करणाऱ्या बायकांच्या चित्रफिती समाजमाध्यमांवर टाकल्या आणि विकल्या गेल्या. उत्तर प्रदेश पोलिसांनी त्या खात्यांवर गुन्हे नोंदवले. टाकणारे मोजके होते. पुढे पाठवणाऱ्यांची गणती कोण करणार? कलमात चित्र ‘पसरवणे’ हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि पसरवणारा तोच असावा ज्याने ते टिपले, असे त्यात म्हटलेले नाही. गावाच्या, शाळेच्या जुन्या मित्रांच्या, सोसायटीच्या ग्रुपवर ‘ही बघा कोण आहे’ म्हणून आलेली चित्रफीत जो पुढे ढकलतो, तोही त्याच कलमात सापडतो. तुमच्या फोनवर अशी चित्रफीत आली, तर ती कुणालाही पाठवू नका, कोणत्या मुलीची आहे याचा शोध घेऊ नका. ज्या ग्रुपवर आणि ज्या क्रमांकावरून ती आली त्याची नोंद करा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा सायबर पोर्टलवर कळवा.